गेट लावण्याआधी एकदा रात्री त्या रस्त्यानं चालून या

धायरीकडच्या एका सोसायटीच्या सचिव असलेल्या ताईंनी विचारलंय. त्यांच्या गेटपासून बसथांब्यापर्यंतचा साधारण चारशे मीटरचा रस्ता रात्री नऊनंतर मुलींना नकोसा वाटतो. एका बाजूला बंद कारखान्याची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला वस्ती. वर्षभरात दोनदा मंगळसूत्र हिसकावलं गेलं आणि एका रात्री बाहेर लावलेल्या सात गाड्यांच्या काचा फोडल्या गेल्या. आता सर्वसाधारण सभेत ठराव येतोय: वस्तीकडून येणाऱ्या बोळाला लोखंडी गेट, सोळा कॅमेरे आणि दोन जादा वॉचमन. "तक्रारी करून थकलो. ठरावाच्या बाजूनं मत द्यावं का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी समूह संघटिका म्हणून २६ वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम केलं. निवृत्तीनंतरही महापालिकेच्या मोहल्ला समितीच्या बैठका आणि रात्रीच्या सुरक्षा फेऱ्या यांतच असते. तुमची भीती खरी आहे आणि ती उगाच वाढवून सांगितलेली नाही, हे आधी म्हणते. पण ठरावाला आज हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा तो सहा आठवडे पुढे ढकला, असं मी सुचवेन. का, ते सविस्तर लिहिते.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. मंगळसूत्र हिसकावणारा बहुतेक वेळा दुचाकीवरून येतो, मोठ्या रस्त्यानं येतो आणि मोठ्या रस्त्यानंच पळतो. बोळात शिरून तो स्वतःला अडकवून घेत नाही. गाड्या फोडणारी पोरं बहुधा आसपासचीच असतात. आपसातली भांडणं आणि 'भागात आपली दहशत पाहिजे' हा हट्ट त्यामागे असतो. गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आपण वाचतोय, त्यांतली किती तरी मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. आणि तिसरी, तुमच्या मुलींची रोजची भीती. तिच्यामागे एखादा गुन्हा असेलच असं नाही. अंधार, लांबच लांब भिंत, हाक मारली तर ऐकायला कोणी नाही, आणि कोपऱ्यावर टक लावून बघणारे चारजण, एवढं तिला पुरतं.

बोळाला गेट लावलं तर या तिघांपैकी कशावर उपाय होईल? पहिल्यावर नाही. दुसऱ्यावर थोडाफार, तोही काही दिवस. तिसरी भीती मात्र वाढेल. कारण त्या बोळातून रात्री आठ-साडेआठला कामावरून परतणाऱ्या वस्तीतल्या बायका येतात-जातात. तुमच्या मुलींसोबत त्या रस्त्यावर चालणारी माणसं बहुतेक त्याच आहेत. त्यांना लांबचा वळसा पडला, की चारशे मीटरवर तुमची मुलगी एकटी उरली. शिवाय तो बोळ सार्वजनिक वहिवाटीचा असेल, तर सोसायटीला स्वतःच्या ठरावानं तो बंद करताच येत नाही. एखाद्यानं तक्रार केली, की गेट काढावं लागेल. पैसे गेलेले असतील आणि शेजारीही दुरावलेले असतील.

आता मला न बघता सांगता येणार नाही अशा गोष्टी. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे तो रस्ता महापालिकेच्या ताब्यात आलाय का. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीसह अकरा गावं महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस. या गावांमधले बरेच रस्ते आधी शेताच्या बांधाचे किंवा बिल्डरनं ठेवलेले होते. वापरात सगळ्यांच्या, पण कागदावर अजून खासगी. अशा रस्त्यावर नवे खांब उभे करायचे, तर आधी जागेचा प्रश्न सुटावा लागतो. तुमच्या तक्रारी नुसत्याच 'बंद' होऊन येत असतील, तर कदाचित कारण हेच असेल. दुसरी गोष्ट, रस्त्याची रुंदी. बारा मीटरपेक्षा लहान रस्ता असेल तर काम क्षेत्रीय कार्यालयाकडे, मोठा असेल तर मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो. तेव्हा पहिला अर्ज दिव्यासाठी देऊ नका. 'हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि मंजूर रुंदी किती' एवढंच लेखी विचारा आणि पोच घ्या. तुमच्या अर्जाची फाइल बघायला कधी आणि कशी मिळेल तेही महापालिकेत विचारा. अर्जावर काय शेरा मारलाय ते डोळ्यांनी बघितलं, की अर्धं कोडं सुटतं.

हे चालू असताना रात्रीची फेरी करा. ही पद्धत माझी नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९८९ मध्ये महिलांच्या एका संस्थेनं ती सुरू केली, आपल्याकडे दिल्लीतल्या 'जागोरी' या महिला संस्थेनं ती बरीच रुजवली. कल्पना साधी आहे. जो रस्ता असुरक्षित वाटतो तो वापरणाऱ्या बायका, ज्या वेळी तो असुरक्षित वाटतो त्याच वेळी, एकत्र चालतात आणि जागोजागी थांबून लिहून ठेवतात.

एक फेरी सविस्तर सांगते, म्हणजे त्यातून काय हाती लागतं ते कळेल. शहराच्या दक्षिणेकडचा भाग, नोव्हेंबर महिना, रात्रीचे पावणेनऊ. आम्ही अकराजणी होतो. सोसायटीतल्या पाच, वस्तीतल्या चार, एक कॉलेजची मुलगी आणि मी. त्याआधी तीन महिने 'दिवे बंद आहेत' अशा तक्रारी जात होत्या आणि 'दिवे सुरू आहेत' असं उत्तर येत होतं. दोन्ही बाजू चिडलेल्या. आम्ही खांब मोजत निघालो. नऊ खांब, त्यातले आठ दिवे खरंच सुरू. तरीही खाली इतका अंधार, की कागदावरचं अक्षर दिसेना. वस्तीतल्या एक मावशी, चार घरी स्वयंपाक करणाऱ्या, पाचव्या खांबाखाली थांबल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "दिवा लागतोय की. पण झाडाच्या पोटात लागतोय. खाली येतोच कुठं?" पर्जन्यवृक्षांच्या फांद्या दिव्याखाली छत धरून पसरल्या होत्या. दिवसा बघायला आलेल्या माणसाला ती सावली वाटत होती. रात्री पुढच्या दीडशे मीटरचा अंधार तिथूनच येत होता.

तक्रार विद्युत विभागाकडे, अडचण झाडाची, म्हणजे काम उद्यान विभागाचं. शहरात झाडाच्या फांद्या छाटायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे, नाहीतर छाटणीच्या नावाखाली झाडंच जातील. आम्ही तक्रारीचा मजकूर बदलला. 'खांब क्रमांक ४ ते ७, दिवा सुरू, फांद्यांमुळे उजेड खाली येत नाही. उद्यान व विद्युत विभागानं एकत्र पाहणी करावी.' सोबत रात्रीचे चार फोटो. दोन्हीकडचे अभियंते एकाच संध्याकाळी आले, तीन फांद्या निघाल्या आणि दोन खांबांवर झाडाच्या खालच्या उंचीला जादा दिवा बसला. एकही झाड तोडावं लागलं नाही.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी कळल्या, ज्या आमच्यापैकी कोणाच्याही तक्रारीत नव्हत्या. एक म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृह. महिलांच्या बाजूच्या दोन दारांना आतून कडी नव्हती. त्यामुळे वस्तीतल्या मुली रात्री दोघी-दोघी जात, एकीनं बाहेरून दार धरायचं. बाहेर उभ्या राहणाऱ्या मुलीला बघायला कोपऱ्यावर टोळकं जमायचं. सोसायटीतल्या बायकांना फक्त ते टोळकं माहीत होतं, कडी माहीत नव्हती. कड्या बसल्या, दारावर दिवा लागला आणि पंधरा दिवसांत कोपऱ्यावरची गर्दी पातळ झाली.

दुसरी गोष्ट इस्त्रीवाल्याची. पूर्वी भिंतीच्या मध्यावर त्याची टपरी होती, रात्री दहापर्यंत ट्यूबलाइट लावून तो काम करायचा. अतिक्रमण कारवाईत टपरी गेली. मुलींना नेमकी कधीपासून भीती वाटायला लागली हे विचारल्यावर सगळ्यांची तारीख तिथेच येऊन थांबली. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात नोंदणी, प्रमाणपत्र आणि जागा ठरवून देण्याची तरतूद आहे. पादचाऱ्याला अडथळा होणार नाही अशी जागा बघून त्याला पुन्हा बसवण्यासाठी सोसायटीनं स्वतः पत्र दिलं. असं पत्र सोसायटीकडून जाणं फार दुर्मीळ. एरवी सोसायटीची पत्रं 'टपऱ्या हटवा' अशीच असतात. प्रत्येक टपरी चांगली असं मी म्हणत नाही. जिथे गाडीआड दारू प्यायली जाते तिथे बायका रस्ता बदलतात, आणि ती जागा हटवायची मागणी योग्यच. पण भाजीवाली, इस्त्रीवाला, चांभार, किराणावाला ही रस्त्याची जागी माणसं आहेत. पहाटेच्या बाबतीत हेच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंबद्दल म्हणेन. सकाळी साडेसहाला कोणत्या गल्लीत काय असतं ते त्यांना जितकं माहीत असतं तितकं कोणालाच नसतं. फेरीला त्यांनाही बोलवा.

आता अवघड भाग. गाड्या फोडणारी मुलं.

एका भागात अशीच तोडफोड झाली. ज्या मुलाचं नाव पुढे आलं तो सोळा वर्षांचा. त्याची आई त्याच सोसायटीत तीन घरची धुणीभांडी करायची. घटनेच्या दोन महिने आधी एका घरी भांडी घासता घासता ती म्हणाली होती, "वहिनी, पोरगं रात्री दोनला घरी येतंय, शाळा सुटलीय, मला काय सुचंना." वहिनींना वाईट वाटलं, त्यांनी तिला जुने कपडे दिले. त्यांनी मनापासूनच दिले. पण आईचं ते वाक्य तिथेच राहिलं. ते शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत गेलं नाही, माझ्यापर्यंत आलं नाही, चौकीतल्या महिला अंमलदारापर्यंत गेलं नाही. घटनेनंतर सभेत वस्तीतल्या बायकांना कामावरून काढायचा ठराव आला, आणि त्यात सगळ्यात आधी नाव तिचं होतं. मी त्या सभेत हात जोडून उभी होते. आजही तो प्रसंग आठवला की मला वाटतं, आपल्याकडे माहिती असते, ती पोचवायची वाट नसते.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी आग्रह धरते, की सोसायटीची सुरक्षा समिती एकट्या सोसायटीची नसावी. सोसायटीतले चार, वस्तीतले चार, गणेश मंडळाचे दोन कार्यकर्ते, एक दुकानदार, जवळच्या शाळेतल्या एक बाई. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, अर्धा तास. मंडळ म्हटलं की काहीजण नाकं मुरडतात. पण रात्री अकराला कोण कोणाच्या गाडीवर बसून फिरतंय हे मंडळाच्या पोरांना माहीत असतं, आणि नव्या मुलाला ढोल पथकात, व्यायामशाळेत किंवा अभ्यासिकेत ओढून घ्यायची ताकद तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांच्यात जास्त असते.

यातून काय साधतं याचं आपल्या महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण भिवंडीचं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं एका समितीत, नियमित बैठक, आणि पोलीस त्यांच्यात बसलेले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो चार वर्षांचा. संकट आलं त्या दिवशी माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती. तुमच्या चारशे मीटरच्या रस्त्यावरचं काम त्याच्या तुलनेत लहान आहे, रीत मात्र तीच.

एक गोष्ट स्पष्ट सांगते: ही समिती म्हणजे काठ्या घेऊन फिरणारं पथक नव्हे. वस्तीतल्या पोरांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, आणि चुकीच्या मुलाचा फोटो गेला तर त्याचं आयुष्य बिघडतं. हत्यार दिसलं, मारामारी सुरू झाली, कोणी पाठलाग करतंय असं वाटलं, की थेट ११२. घरातल्या मारहाणीच्या बाबतीतही तसंच. समितीनं तिथे 'समजूत घालायला' जाऊ नये. त्या बाईला पोलिसांच्या भरोसा सेलपर्यंत (महिलांच्या मदतीचा कक्ष) किंवा वकिलापर्यंत सोबत करावी.

पोलिसांबद्दल तुम्ही लिहिलंय, की एक फेरी मारून जातात. खरं आहे, पण त्यांच्याकडे मागणी काय जाते तेही बघा. 'गस्त वाढवा' हे वाक्य प्रत्येक सोसायटीचं असतं. त्याऐवजी 'रात्री ८.१५ ते ९.४५ या वेळात बसमधून उतरणाऱ्या महिला जास्त. मंगळवार-शुक्रवार क्लास सुटतात. भिंतीचा मधला भाग अडचणीचा' असं एका कागदावर देऊन चौकीच्या अधिकाऱ्याला फेरीला बोलवा. बीट मार्शलना नेमकी जागा आणि नेमकी वेळ मिळाली, की त्यांच्या रोजच्या वाटेत ती बसवणं शक्य होतं. महिला पोलिसांच्या दामिनी पथकालाही हीच माहिती द्या. आणि मंगळसूत्राच्या दोन घटनांची फिर्याद दाखल झालीय का, ते तपासा. पुष्कळदा नुसता अर्ज दिलेला असतो. नोंद नसेल तर पोलिसांच्या लेखी तुमचा रस्ता शांत आहे.

गस्त कितीही असली तरी कोपरे राहतात, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या एसटी आगारात झालेल्या अत्याचारानं आपल्याला दाखवलं. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर, आगार गजबजलेलं, आणि तरी उभ्या करून ठेवलेल्या बसच्या आत कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणून फेरीत बेवारस गाड्या, पडीक खोल्या, कारखान्याच्या भिंतीतली भगदाडं हेही टिपा. भगदाड बुजवायची जबाबदारी मालकाची आहे. त्याला महापालिकेमार्फत नोटीस जाऊ शकते.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. चोरी झाल्यावर पोलीस पहिल्यांदा फुटेजच मागतात. पण सोळा नकोत. दोन किंवा तीन, रस्त्याच्या दोन्ही टोकांना, गाडीचा नंबर वाचता येईल अशा उंचीवर आणि उजेडात. अंधारातला कॅमेरा करडं चित्र देतो, त्यात हेल्मेट घातलेला माणूस ओळखू येत नाही. ते रोज चालू आहेत का हे बघणारा एक माणूस नेमा आणि देखभालीचे पैसे आधीच बाजूला काढा. मी पाहिलेल्या किती तरी ठिकाणी घटना घडली त्या रात्री रेकॉर्डिंग बंद होतं. कॅमेरा वस्तीच्या दारांवर रोखलेला नसावा, हेही महत्त्वाचं. कोणाच्या अंघोळीच्या मोरीकडे कॅमेरा बघत असेल तर ती बाई तुमच्या फेरीला येणार नाही.

पैशांचं. दिवे, कड्या, पदपथाची दुरुस्ती यासाठी वर्गणी काढू नका, तो तुमचाच कर आहे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. पावसाळ्याच्या शेवटाकडे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतले जातात, एका कामाला पाच लाखांपर्यंत मर्यादा असते, आणि ते काम पुढच्या एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात येतं. तुमच्या रस्त्याला हे माप अगदी योग्य आहे. अर्ज मात्र सोसायटी आणि वस्ती दोघांच्या सह्यांचा जाऊ द्या. नगरसेवकांच्या 'स' यादीतूनही, म्हणजे त्यांनी अंदाजपत्रकात सुचवलेल्या कामांतूनही, अशी कामं होतात, पण त्यासाठी त्यांना आयती, नेमकी यादी द्या. 'आमच्या भागाकडे लक्ष द्या' म्हटलं तर बाकडी आणि नामफलक येतात. मार्च २०२२ नंतर बराच काळ सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, तेव्हा माझ्या ओळखीच्या ज्या गटांनी अभियंत्यांशी खांब क्रमांकानिशी पत्रव्यवहार ठेवला त्यांची कामं तरीही झाली.

किती वेळ लागेल? कडी, बंद दिवा, ड्रेनेजचं तुटलेलं झाकण ही कामं दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवीत. फांद्यांना महिना-दीड महिना. नवे खांब असतील तर अंदाजपत्रक, निविदा, वर्क ऑर्डर धरून वर्ष धरा. ताबाच नसेल तर त्याहून जास्त. मुलांचं काम कधी संपत नाही. म्हणून मी सहा आठवडे म्हणाले. तेवढ्यात पहिली कामं झालेली दिसली, तर सभेतलं वातावरण बदलतं. नाही झाली, तर तुमच्या हातात पोच, फोटो आणि तारखा असतील, सहायक आयुक्तांपुढे मोहल्ला समितीच्या बैठकीत ठेवायला.

सभेत ठरावाला पर्याय म्हणून एवढंच मांडा: गेटचा विषय तहकूब, दोन कॅमेऱ्यांना मंजुरी, आणि वस्तीसोबत एक रात्रीची फेरी. चार विरोधी माणसंही याला हो म्हणतील, कारण खर्च कमी आहे.

फेरीची वेळ ठरवताना वस्तीतल्या बायकांना आधी विचारा. त्यांची कामं साधारण आठला संपतात, मग घरी जाऊन स्वयंपाक असतो. निरोप सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवू नका, स्वतः जा, आणि कोणाच्या तरी ओट्यावर बसून बोला. सोबत खांबांचे क्रमांक लिहायला वही, विजेरी, आणि पाऊस असेल तर छत्र्या. पहिल्या फेरीला मी येईन. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, साडेआठला बसथांब्यावर भेटू.